चार्ल्सची मावशी आणि अकरा गुणांची चाचणी

एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकातील युरोपचा इतिहास हा विषय तिला या वर्षी आहे. वर्गात मिळालेल्या झेरॉक्स नोट्स कितीही वाचल्या तरी डोक्यात राहीनात, म्हणून तिने मोबाइलवर या काळावरचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आणि त्यांत ती रमली. आठव्या हेन्रीच्या सहाही राण्यांचे काय झाले हे ती झोपेतून उठवले तरी सांगू शकते. मात्र अंतर्गत चाचणीत ‘इंग्लंडने रोमच्या चर्चशी संबंध का तोडले?’ या प्रश्नावर तिला चार ओळींपलीकडे लिहिता आले नाही आणि चाळीसपैकी अकरा गुण मिळाले. मोठा भाऊ म्हणतो, मजा बंद कर आणि सरळ पाठ कर. मैत्रीण म्हणते, युरोपशी आपले काय देणेघेणे, पास होण्यापुरते करून टाक. आपली स्मरणशक्ती बेताची आहे आणि सनावळ्यांशी आपले वाकडे आहे, अशी तिची खात्री झाली आहे. हा विषय रंजक पद्धतीने शिकता येतो का, की पाठांतराला पर्यायच नाही, असे तिने विचारले आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

सहा राण्यांची नावे, त्यांचा क्रम आणि प्रत्येकीचा शेवट ज्या मुलीला न चुकता आठवतो, तिने आपल्या स्मरणशक्तीला नावे ठेवू नयेत. अडचण स्मरणशक्तीत नाही आणि व्हिडिओ पाहिले म्हणून गुण गेले असेही मला वाटत नाही. तू ज्या गोष्टीत रमलीस ती गोष्ट ऐन रंगात येण्याआधीच संपवली गेली, असे तुझे पत्र वाचताना वाटत राहिले. राणीचे काय झाले हे तुला सांगितले गेले, पण पोपने हेन्रीला नकार का दिला हा प्रश्न तुझ्यासमोर कोणी ठेवलाच नाही. तुझ्या चार ओळी अडल्या त्या तिथे.

तोच प्रश्न आधी घेऊ. हेन्रीला पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन हिच्याशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, कारण तिच्या अपत्यांपैकी मेरी ही एकच मुलगी जगली होती आणि गादीला मुलगा हवा होता. विवाह रद्द ठरवणे पोपच्या हातात होते आणि राजेरजवाड्यांना अशा सवलती देण्यात रोमला नवीन काही नव्हते. मग सातव्या क्लेमेंटने हेन्रीला वर्षानुवर्षे टांगून का ठेवले? त्यासाठी कॅथरीनचे माहेर पाहावे लागते. तिची थोरली बहीण हुआना, आणि हुआनाचा मुलगा म्हणजे पाचवा चार्ल्स. स्पेन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि दक्षिण इटली एवढ्या मुलखांवर हक्क सांगणारा हा सम्राट. मे १५२७ मध्ये याच चार्ल्सच्या सैन्याने, ज्याचा पगार कित्येक महिने थकला होता, रोम शहर लुटले आणि पोप जीव वाचवून कास्तेल सांतांजेलो या किल्ल्यात अडकून पडला. नेमक्या त्याच वर्षी इंग्लंडचा राजा बायकोला सोडण्याची परवानगी मागत होता, आणि ती बायको ज्याच्या माणसांनी पोपला कोंडले होते त्याची मावशी होती.

इंग्रजी पुस्तकांत ही मावशी ‘आंट’ असते. ती आत्या, काकू, मामी की मावशी, हे त्या एका शब्दावरून कळत नाही, आणि मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घरही उभे राहत नाही. आपल्याकडे मावशी म्हटले की आईची बहीण, माहेरची बाजू, बहिणीच्या मुलाने मध्ये पडण्याचा हक्क, हे सगळे न सांगता समजते. भावकी, सोयरिक आणि वाटणीचे दावे पाहत मोठ्या झालेल्या मराठी मुलीला चार्ल्सच्या हॅब्सबर्ग घराण्याचे राजकारण कळायला परदेशी विद्यार्थ्यापेक्षा कमी वेळ लागावा. चार्ल्सला चार आजी-आजोबांकडून चार वेगवेगळे वारसे मिळाले: आजोबा मॅक्सिमिलियनकडून ऑस्ट्रिया, आजी मेरीकडून बर्गंडीच्या घराण्याचे नेदरलँड्स, आईच्या आईकडून कॅस्टिल, आईच्या वडिलांकडून ॲरागॉन आणि त्याच्याबरोबर नेपल्स-सिसिली. त्याचा सातबारा एका कागदावर मांड. पुढच्या दीडशे वर्षांतील निम्मी युद्धे त्या कागदावरच दिसू लागतील, कारण फ्रान्स बिचारा त्या जमिनींच्या मधोमध अडकला आहे.

आता तुझ्या चाचणीतल्या प्रश्नाकडे परत ये. मावशी हे उत्तराचे फक्त दार आहे. आत गेल्यावर पोपला आव्हान देणारा जर्मन साधू ल्यूथर याच्या विचारांचा प्रसार, संसदेचा वापर करून घेणारा टॉमस क्रॉमवेल, १५३४ चा राजाला चर्चचा प्रमुख ठरवणारा कायदा, आणि १५३६ ते १५४० या काळात मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजाने कशा घेतल्या, हे सगळे ओळीने भेटत जाते. पण दार सापडल्यावर आत जाणे वेगळे आणि बंद दाराबाहेर उभे राहून आतल्या सामानाची यादी पाठ करणे वेगळे.

रंजकता हा विषयावर वरून भुरभुरायचा मसाला आहे, असे तू पत्रात गृहीत धरले आहेस, आणि तुझ्या भावानेही. म्हणून त्याला ती काढून टाकता येईल असे वाटते आणि तुला ती वाढवता येईल असे. ही चूक मी स्वतः बरीच वर्षे केली आहे. तासाच्या सुरुवातीला एखाद्या विक्षिप्त राजाचा किस्सा सांगायचा, वर्ग हसला की ‘चला, आता नोट्स घ्या’ म्हणायचे, असा माझा क्रम होता. हसलेली मुले दुसऱ्या मिनिटाला मान खाली घालून लिहू लागत, आणि परीक्षेत त्यांना किस्सा तेवढा आठवे. किस्सा आणि उत्तर यांचा एकमेकांशी काही संबंधच मी ठेवला नव्हता, तर मुलांनी तो कुठून जोडायचा?

सनावळ्यांशी तुझे वाकडे आहे म्हणतेस, म्हणून एका सनाची परीक्षा तुझ्यासमोर घेते. आपल्या जवळजवळ प्रत्येक गाइडमध्ये दोन वाक्ये असतात. पहिले असे की, १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधनाला सुरुवात झाली. दुसरे असे की, त्याच घटनेमुळे पूर्वेकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि युरोपीयांना सागरी मार्ग शोधणे भाग पडले. दोन्ही वाक्ये मीही विद्यार्थिदशेत घोटली होती. आता त्यांच्या शेजारी काही सन नुसते मांडून पाहा. ज्याला प्रबोधनाचा आद्य पुरुष म्हणतात तो पेट्रार्क १३७४ मध्ये वारला. मान्युएल क्रिसोलोरास हा कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला आला तो १३९७ मध्ये, आणि तो पळून आलेला नव्हता, त्याला बोलावून घेतले होते. ब्रुनेलेस्कीने बांधलेला फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट १४३६ मध्ये उभा होता. म्हणजे ज्या घटनेने प्रबोधन सुरू झाले म्हणतात, तिच्या आधीच प्रबोधन चांगले वयात आले होते.

दुसऱ्या वाक्याची गत याहून वाईट आहे. पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतील स्यूटा हे बंदर १४१५ मध्ये घेतले आणि १४३४ मध्ये त्यांची गलबते बोहादोर भूशिराच्या पलीकडे गेली होती, तेव्हा कॉन्स्टँटिनोपल शाबूत होते. व्हेनिसचे व्यापारी मिरी आणि दालचिनी प्रामुख्याने ज्या अलेक्झांड्रियातून नेत, ते इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होते. ऑटोमन तुर्कांनी इजिप्त जिंकले १५१७ मध्ये. वास्को द गामा तर १४९८ मध्येच कालिकतला येऊन गेला होता. मग तो कोणता बंद मार्ग टाळून आला?

याचा अर्थ १४५३ ला काहीच महत्त्व नाही असा काढू नकोस. कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाचा युरोपला जबरदस्त धक्का बसला, आणि ग्रीक हस्तलिखिते वाचवण्याची घाई त्यानंतर खरोखरच वाढली. मूळचा बायझंटाइन असलेल्या कार्डिनल बेसारियनने आपला मोठा ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, तो आजही तेथील ग्रंथालयाचा पाया मानला जातो. एवढेच की, वेग वाढवणारे कारण आणि सुरुवात करणारे कारण यांत फरक आहे. हा फरक तुला कोणाच्या व्याख्यानाने कळला नाही, पाच-सहा सन शेजारी-शेजारी ठेवल्याने कळला. सन पाठ करण्यात मजा नाही हे मला मान्य आहे. दोन सनांची एकमेकांशी गाठ घालून देण्यात जी मजा आहे, ती मात्र एखाद्या रहस्यकथेच्या तोडीची आहे. उत्तरपत्रिकेत गाइडचे वाक्य लिहून त्याखाली ‘तथापि’ म्हणून ही दोन-तीन उदाहरणे दिलीस, तर परीक्षक कितीही दमलेला असला तरी त्याचा पेन क्षणभर थांबेल.

सनांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग सुधारले, तेव्हा स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील बऱ्याच भागांत ४ ऑक्टोबर या दिवसानंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. पोपने काढलेले पंचांग म्हणून प्रॉटेस्टंट राज्यांनी ते नाकारले. जर्मनीत कॅथलिक गावात एक तारीख आणि शेजारच्या प्रॉटेस्टंट गावात तिच्या दहा दिवस मागची, असा कारभार १७०० पर्यंत चालला. आउग्सबुर्ग शहरात तर १५८४ मध्ये या पंचांगापायी दंगा झाला. इंग्लंडने हे पंचांग थेट १७५२ मध्ये स्वीकारले. त्यामुळे स्पॅनिश आरमार आणि इंग्रज यांची १५८८ मधील ग्रॅव्हलिनची लढाई इंग्रजी कागदांत २९ जुलैला होते आणि स्पॅनिश कागदांत ८ ऑगस्टला.

हीच भानगड आपल्या दारापर्यंतही येते. जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार अशी दिली आहे. जुन्या तारखांचे वार दाखवणारे एखादे कॅलेंडर उघडून १९ फेब्रुवारी १६३० हा वार पाहा. तो बहुधा मंगळवार दिसेल. कॅलेंडर चुकलेले नाही आणि शकावलीही चुकलेली नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगातली आहे. नव्या पंचांगात तो दिवस १ मार्च येतो, आणि १ मार्च १६३० ला शुक्रवारच आहे. हा पडताळा पाच मिनिटांत घरी करून बघ. एकदा तो जमला की सतराव्या शतकातील सुरतेच्या इंग्रजांचे पत्र आणि गोव्याच्या पोर्तुगिजांचे पत्र एकाच घटनेच्या दोन तारखा का देतात, हे तुला आयुष्यभर विसरता येणार नाही.

आता तू विचारलेल्या ‘पद्धती’विषयी. मला सर्वांत उपयोगी वाटणारी पद्धत फुकट आहे आणि तिला चार मैत्रिणी पुरतात. एप्रिल १५२१ मधील वर्म्सची सभा घ्या, जिथे ल्यूथरला सम्राटासमोर जाब द्यायला बोलावले होते. एकीने एकवीस वर्षांचा सम्राट चार्ल्स व्हायचे, एकीने सदतीस वर्षांचा मार्टिन ल्यूथर, एकीने पोपचा प्रतिनिधी आणि एकीने सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या संस्थानिकांपैकी एक असलेला फ्रेडरिक. नियम एकच: १५२१ नंतरचे कोणालाही काही माहीत नाही. प्रॉटेस्टंट नावाचा पंथ होणार आहे हे ल्यूथरला माहीत नाही, आणि या साधूला जाळून टाकले तर वाद मिटेल की पेटेल हे चार्ल्सला माहीत नाही. आपण नेहमी इतिहास शेवटच्या पानापासून वाचतो, म्हणून त्यातली सगळी माणसे आपल्याला मूर्ख नाही तर द्रष्टी वाटतात. निकाल माहीत नसताना निर्णय घ्यायची वेळ तुझ्यावर आली की नोट्समधली कारणे तुला आपोआप शोधावी लागतील, कारण समोरची मैत्रीण उलट बोलणार आहे.

त्या चौघांत फ्रेडरिकची भूमिका तू घे, कारण ती सर्वांत अवघड आहे. संतांची हाडे, केस, कपड्यांचे तुकडे अशा पवित्र अवशेषांचा त्याच्याकडचा संग्रह १५२० च्या सुमारास एकोणीस हजार नगांच्या घरात होता, आणि त्यांचे दर्शन घेणाऱ्यांना पापक्षमा मिळते अशी श्रद्धा होती. असा माणूस पापक्षमेच्या व्यापारावर तुटून पडलेल्या ल्यूथरला पाठीशी का घालतो? उत्तराचे धागे विखुरलेले आहेत. ल्यूथर ज्या विटेनबर्ग विद्यापीठात शिकवत होता, ते फ्रेडरिकनेच १५०२ मध्ये स्थापन केले होते, आणि आपला नामांकित प्राध्यापक कोणी ओढून नेलेला त्याला परवडणारा नव्हता. योहान टेट्झेल जी क्षमापत्रे विकत होता, त्यांचा निम्मा पैसा रोममधील सेंट पीटरच्या बांधकामाला आणि निम्मा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने फुगर या सावकारी पेढीकडून काढलेले कर्ज फेडायला जात होता. आल्ब्रेख्तचे घराणे फ्रेडरिकच्या घराण्याचे प्रतिस्पर्धी होते. फ्रेडरिकने टेट्झेलला आपल्या मुलखात पाऊल टाकू दिले नाही, तर त्याची प्रजा सीमा ओलांडून युटरबोग गावी जाऊन क्षमापत्रे घेऊन येऊ लागली. धर्म, कर्ज, विद्यापीठाची प्रतिष्ठा आणि शेजाऱ्याशी चाललेले वैर हे सगळे एका माणसाच्या डोक्यात एकाच वेळी चालू होते. ‘धर्मसुधारणा चळवळीची धार्मिक, आर्थिक व राजकीय कारणे स्पष्ट करा’ या दहा गुणांच्या प्रश्नाचे तीन मथळे फ्रेडरिकच्या कपाळावरच लिहिलेले आहेत.

व्हिडिओ बंद कर असे मी म्हणणार नाही. फक्त प्रत्येक चटकदार किश्श्याला ‘हे कोणी सांगितले आणि कधी?’ असे विचारायची सवय लाव. खटल्यानंतर गॅलिलिओ ‘तरीही ती फिरतेच’ असे पुटपुटला, हे तू नक्की ऐकले असशील; खटला १६३३ चा आणि त्या वाक्याचा पहिला छापील उल्लेख त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आलेला. प्रागच्या खिडकीचे उदाहरण याहून मजेदार आहे. २३ मे १६१८ रोजी बोहेमियातील प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला किल्ल्याच्या खिडकीतून सुमारे वीस मीटर खाली फेकले, आणि तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेलले. विरोधक म्हणाले, उकिरड्यावर पडले. कोणती कथा खरी हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. एका पडण्याच्या दोन कथा दोन्ही बाजूंनी छापून घरोघरी पोहोचवल्या, हे पुढच्या तीस वर्षांच्या युद्धाविषयी बरेच काही सांगते. त्या चिटणिसाला, फाब्रिसियसला, सम्राटाने पुढे सरदारकी देऊन ‘फॉन होहेनफाल’ असे नाव दिले. मराठीत आणायचे तर ‘उंचपडे’ हे आडनाव शोभले असते.

भाऊ किंवा मित्र संगणकावर या काळावरचे डावपेचांचे खेळ खेळत असतील तर तेही थोडे खेळायला हरकत नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’सारखा खेळ १४४४ पासून सुरू होतो, आणि कोणता देश कुठे आहे हे नकाशाच्या दहा प्रश्नपत्रिका सोडवून कळणार नाही इतके चांगले त्यातून कळते. त्यातली खोट एवढीच की, खेळणाऱ्याला सगळा नकाशा वरून दिसतो आणि देश एका माणसासारखा आज्ञा पाळतो. रोम लुटणारे चार्ल्सचे सैन्य तसे आज्ञेत नव्हते, हे तुला आता ठाऊक आहे.

राजे-सम्राटांचा कंटाळा येईल तेव्हा खाली उतर. तीस वर्षांच्या युद्धात भाडोत्री सैनिक म्हणून लढलेल्या एका माणसाची रोजनिशी विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली. तिच्यावर नाव नव्हते. संशोधकांनी माग काढून त्याचे नाव पेटर हागेनडोर्फ असावे असे ठरवले. तो युद्धाच्या काळात बावीस हजार किलोमीटरांहून अधिक चालला. मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहरावरच्या हल्ल्यात त्याला दोन गोळ्या लागल्या. तो छावणीत पडलेला असताना त्याची बायको त्याला बांधायला कापड मिळावे म्हणून पेटलेल्या शहरात शिरली, आणि एका म्हातारीच्या मदतीने अंथरूण आणि दारू घेऊन परत आली. त्याच शहरात त्या दिवसांत वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. शहर जळताना पाहून आपल्याला वाईट वाटले, कारण ते सुंदर होते आणि आपल्याच देशातले होते, असेही तो लिहितो. लुटणारा, जखमी, नवरा आणि हळहळणारा, हा सगळा एकच माणूस आहे. ‘तीस वर्षांच्या युद्धाचे परिणाम’ या मथळ्याखाली ‘प्रचंड जीवितहानी झाली’ असे लिहिताना हे जोडपे डोळ्यांसमोर असू दे.

तुझ्या मैत्रिणीच्या ‘आपले काय देणेघेणे’ या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही, कारण तिचे म्हणणे तुलाच मनातून पटलेले दिसत नाही. तरी मावशीचा धागा तिच्या हातात देऊन बघ. हेन्रीने रोमशी संबंध तोडले. त्याच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक राहणे अवघड होत गेले. टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. तेवढ्याने समाधान झाले नाही तर मुंबई पोर्तुगिजांनी इंग्रजांना आंदण का दिली, हे तिला विचार. ‘लग्नात दिली’ हे उत्तर येईल. मग विचार, पोर्तुगालला मुलगी एवढ्या मोठ्या आंदणासह इंग्लंडला द्यायची गरज का पडली? १५८० मध्ये स्पेनच्या राजाने पोर्तुगालही घेतले, स्पेनविरुद्ध बंड केलेल्या डचांनी मग पोर्तुगीज ठाणीही लुटायला घेतली, १६४० मध्ये पोर्तुगाल वेगळा झाला पण एकटा पडला, आणि १६६१ च्या तहाने त्याने कॅथरीन ऑफ ब्रगांझा व मुंबई देऊन इंग्लंडचे पाठबळ मिळवले. सहा वेळा ‘का’ विचारले की अभ्यासक्रमातील दोन प्रकरणे होतात.

भावाचे म्हणणे मात्र पूर्ण चुकीचे नाही. काही गोष्टी पाठ असाव्याच लागतात, आणि पंचवीस-तीस सन व तेवढीच नावे तोंडावर नसतील तर वर सांगितलेला कोणताच खेळ खेळता येणार नाही. पण आधी कोडे, मग पाठांतर, असा क्रम ठेव. प्रत्येक प्रकरणासाठी एकच कोडे निवड: प्रबोधनाला घुमट आणि १४५३, धर्मसुधारणेला फ्रेडरिक, इंग्लंडला मावशी, तीस वर्षांच्या युद्धाला खिडकी. कोडे सोडवताना जी नावे आणि सन लागतील तेवढेच वहीच्या मागच्या पानावर लिही आणि ते दर रविवारी न पाहता लिहून काढ. नोट्स त्यानंतर वाच. त्या तेवढ्या रुक्ष वाटणार नाहीत. इंग्रजी जड जात असेल तर सुरुवातीला मराठी विश्वकोशातील नोंदी वाच, त्या इंटरनेटवर मोफत आहेत. आणि एकच माणूस चार्ल्स, कार्ल आणि कार्लोस अशा तीन नावांनी भेटला, स्पेनमध्ये ‘पहिला’ आणि साम्राज्यात ‘पाचवा’ असला, तर घाबरून जाऊ नकोस. प्रत्येक माणसाचे एक कार्ड कर आणि त्यावर सगळी नावे लिहून ठेव. पुढच्या चाचणीला किती दिवस आहेत हे तू लिहिलेले नाहीस. तीन आठवडे असतील तर दोन कोडी पुरेत, पाच करायला जाऊ नकोस.

आजच्या रात्रीसाठी एक काम देते. हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५३३ मध्ये लंडनमध्ये काढलेले ‘राजदूत’ हे चित्र तेथील नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर मोठे करून पाहता येते. डावीकडचा फ्रान्सचा राजदूत झाँ द दँतव्हिल, वय एकोणतीस. उजवीकडचा त्याचा मित्र जॉर्ज द सेल्व्ह, वय पंचवीस. वर्ष लक्षात घे: याच वर्षी हेन्रीने ॲन बुलिनला राणी म्हणून मुकुट घातला. दोघांच्या मधल्या फळ्यांवर पृथ्वीचा गोल आहे, आकाशाचा गोल आहे, हिशेबाचे पुस्तक आहे, तार तुटलेली वीणेसारखी ल्यूट आहे आणि तिच्या शेजारी ल्यूथरची भजने उघडलेली आहेत, तीही दोन कॅथलिकांच्या चित्रात. खाली जमिनीवर जो तिरका पांढुरका डाग दिसतो, तो कळण्यासाठी मोबाइल डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून चित्राच्या उजव्या कडेकडून पाहा, कवटी दिसेल. डाव्या हाताच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, हिरव्या पडद्याच्या कडेला, आणखी एक वस्तू अर्धी झाकलेली आहे. ती काय आहे आणि अर्धी का झाकली असेल, हे कोणालाही न विचारता आधी स्वतः लिही, आणि मला कळव.

तुझी,
सदरलेखिका